भिंतीला सोडलेली माया

“गुंतवणूक म्हणजे काय, ठाऊक आहे का ताई तुला?” बाबा म्हणाले. “आधी गुंता. मग वणवण.”

आत्या सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवताना ती एक डोळा मिटते आणि जीभ दातांत धरते, त्यामुळे उत्तर यायला जरा वेळ लागला.

“गुंते सोडवून देण्याचेच पैसे घेतलेत मी पस्तीस वर्षं,” ती म्हणाली. “वणवण तेवढी नवीन. ती करून बघते.”

हे बोलणं चाललं होतं तिच्या शिवणाच्या दुकानात. दुकान म्हणजे पुढे एक काउंटर, एक मशीन, भिंतीवरच्या खिळ्यांना लटकलेले बिनबाह्यांचे कपडे. मध्ये पडदा. पडद्यामागे दहा बाय आठची खोली आणि त्या खोलीत एक खाट, एक शेगडी आणि आत्या. मालकाला जागा परत हवी होती. वर्षभरात सोडा, असं त्याने सांगितलं होतं, आणि तेही इतक्या गोड शब्दांत की भांडायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

आत्या अठ्ठावन्न वर्षांची. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. पडायला वेळ नव्हता, असं सांगते. दुकान सुटलं की ती आमच्याकडे, मधल्या खोलीत राहायला येणार, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. आईने कपाटाचे दोन कप्पे रिकामेसुद्धा केले होते. आणि आत्याने त्या दिवशी जाहीर केलं, की छापखान्यामागची पडक्या गोदामाची जागा तिने विकत घेतली आहे आणि तिथे ती चार घरं बांधणार आहे. दोन खाली, दोन वर. खालचं डावं तिचं स्वतःचं, बाकीची तीन भाड्याने.

“चार कुटुंबं?” बाबांचा आवाज चढला. “तू एकटी बाई. चार-चार कुटुंबं कशी सांभाळणार?”

“सांभाळायची कशाला? पोपट आहेत का ती? भाडेकरू आहेत.”

“आणि बांधकाम अडकलं तर?”

“तर तू आहेसच की सांगायला, मी म्हटलं होतं म्हणून.”

बाबा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटे. पण धाकटा भाऊ एकदा कमावता झाला की तो थोरला होतो, हा आमच्या घरातला अलिखित कायदा. ते उठले, चपला पायांत सरकवल्या आणि दारातून म्हणाले, “मधली खोली रिकामी आहे. एवढं लक्षात ठेव.”

ते गेल्यावर मी विचारलं, “आत्या, आमच्याकडे त्रास होईल असं वाटतं का तुला?”

“अजिबात नाही होणार.” तिने दाताने दोरा तोडला. “तुझी आई मला बसल्या जागी चहा आणून देईल. तीच तर भीती आहे गं.”

बाजाराची पाहणी वगैरे म्हणतात ती आत्याने गिऱ्हाइकांची मापं घेता घेता केली. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि छाती-कंबर मोजताना मध्येच प्रश्न: “तुमच्या भाड्याच्या घरात काय नाही हो?”

“अख्खी भिंत नाही,” एकजण म्हणाली. “जिकडेतिकडे दारं. कपाट लावायचं कुठे?”

दुसरी म्हणाली, “स्वयंपाकघरात मी आणि सासूबाई एका वेळी मावत नाही.”

“मग बरंच आहे की!”

“बरं कसलं? त्या दारात उभ्या राहून सूचना देतात.”

आत्या हे सगळं मापाच्या वहीत लिहायची. छाती चौतीस, कंबर तीस, बाही दहा, आणि त्याखाली: *कपाटाला भिंत. चपला काढायला जागा. ओटा दोघींचा.* ओट्याची उंची तर तिने वीस-बावीस बायकांची कंबर जमिनीपासून मोजून ठरवली. नकाशा काढायला जी इंजिनिअर मिळाली तीही गिऱ्हाइकांतलीच. तिचे शाळेचे गणवेश आत्याने शिवले होते, पहिलीपासून दहावीपर्यंत. आता ती लग्न होऊन, स्वतःचं छोटं ऑफिस थाटून बसली होती.

“काकू, ओटा इतका खाली नसतो,” ती म्हणाली.

“कुणाच्या मापाने नसतो?”

“पुस्तकाच्या.”

“पुस्तकाला पोळलंय कधी, वर हात करून भांडं उतरवताना?”

इंजिनिअरने ओटा दोन बोटं खाली घेतला.

त्या दोघींची जोडी जमली. एकीला चुना-सिमेंट कळायचं, दुसरीला माणसं. नकाशा सुटसुटीत होता. मधोमध एक सरळ जिना, सोळा पायऱ्यांचा. जिन्याच्या डावीकडे एक घर, उजवीकडे एक. वर तसंच. जिना साडेतीन फूट रुंद. इंजिनिअरने तेवढ्या एका आकड्याखाली लाल रेघ मारून दिली. “हे पालिकेचे साहेब येऊन स्वतः मोजतात. बाकी इकडचं तिकडे झालं तर समजून घेतील. जिना कमी भरला तर वरच्या मजल्याला राहण्याचा दाखला नाही. आणि दाखला नाही तर भाडेकरू नाही.”

वरची दोन घरं रिकामी राहिली की हिशेब बसत नव्हता, हे आत्याला पाठ होतं. खालच्या एका भाड्यावर ती जगू शकली नसती. मग ती इमारत आहे तशी विकायची, आणि मधल्या खोलीतल्या दोन कप्प्यांत येऊन राहायचं. विकत घेणारासुद्धा बाबांनी हेरून ठेवला होता. “नुसता विचारून ठेवलाय,” ते म्हणायचे. “विचारायला काय जातं?”

बांधकाम मिस्त्रीकडे. तोंडात सदा लवंग, डोक्याला पंचा, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर: “होऊन जाईल.” पाया खोल गेला का? होऊन जाईल. पाण्याची टाकी कधी? होऊन जाईल. एकदा आत्याने चिडून विचारलं, “तुमचं जेवण झालं का मिस्त्री?” तर म्हणाला, “होऊन जाईल बाई.”

पण हाताला सफाई होती त्याच्या. ओळंबा लावून एक डोळा मिटायचा, तेव्हा तो आणि आत्या भाऊ-बहीण शोभायचे.

खांब उभे राहिले, दोन्ही स्लॅब पडले. जिन्याची जागा मोकळी ठेवली होती. आधी दोन्ही बाजूंच्या भिंती उचलायच्या, मग त्यांच्यामध्ये जिना ओतायचा. नेमक्या त्या वेळी इंजिनिअरला पाचवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला तीन आठवडे पाठ टेकून राहायला सांगितलं. ती फोनवर म्हणाली, “काकू, काहीही अडलं तर लगेच फोन करा.” आत्या म्हणाली, “तू झोप. नकाशा आहे, मिस्त्री आहे, मी आहे. तीन डोकी पुष्कळ झाली.”

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती तीन डोकी बसली होती. म्हणजे नकाशा पोत्यावर पसरलेला, आणि दोघं दोन बाजूंना उकिडवे.

“बाई, जिन्याच्या भिंती उद्या धरायच्या. यात चार इंची ठोकळा दाखवलाय. चारच घेऊ ना?”

“चार म्हणजे अगदी नेमके चार?”

“नेमके.”

आत्याचा चेहरा कसनुसा झाला. “आणि माया?”

मिस्त्रीने लवंग या गालातून त्या गालात घेतली. “कसली?”

“अहो, माया! सोडलीच नाही की हिने.”

कपड्याच्या शिवणीत आत दुमडून जे जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पुढे अंगाने भरलात, तर शिवण उसवून तेवढ्याने कपडा सैल करता येतो. आत्याच्या हातचे कपडे याच एका गोष्टीसाठी गावभर नावाजलेले. तिच्याकडचा लग्नातला ड्रेस दोन बाळंतपणांनंतरही होतो, असं बायका सांगायच्या.

“भिंतीला माया?” मिस्त्री म्हणाला.

“कशालाही. बेताचं कापलं की फसलं. एकदा कापलं ते वाढवता येत नाही, जास्त झालं तर दुमडता येतं. दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं सोडायचीच.”

“म्हणजे सहा इंची ठोकळा घेऊ?”

“घ्या.”

“मजबूत होईल,” मिस्त्री म्हणाला. त्यालाही ते पटल्यासारखं दिसलं. “पण जादाची जाडी कुठल्या अंगाला काढू? आत की बाहेर?”

यावर आत्या हसली. इतकं साधं कसं कळत नाही, तसं.

“माया नेहमी आतच असते, मिस्त्री. बाहेर दिसली तर तो शिंपी कसला?”

“होऊन जाईल,” मिस्त्री म्हणाला.

मी डबा ठेवला आणि निघाले. माझ्याही काही डोक्यात आलं नाही. उलट मला वाटलं, आत्या किती बारकाईने बघते.

भिंती झाल्या. त्यांच्यामध्ये जिना ओतला. आत्या रोज दोन वेळा नळी घेऊन पायऱ्यांवर पाणी मारायची. सिमेंटला पाणी पाजावं लागतं. दुकानात कुणी कपडे मागायला आलं की सांगायची, “उद्या या हो, माझा जिना तहानलाय.”

इंजिनिअर परत आली त्या दिवशी जिन्याखालच्या फळ्या काढून झाल्या होत्या. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. ती जिन्याच्या तोंडाशी आली, दोन पायऱ्या चढली आणि थांबली. माणूस अंधारात ओळखीचं फर्निचर चाचपतो तसे तिने दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावले.

“काकू, टेप द्या.”

आत्याने गळ्यातली टेप काढून दिली. इंजिनिअरने मोजलं. तीन पायऱ्या वर जाऊन पुन्हा मोजलं.

“तीन फूट दोन,” ती म्हणाली.

“टेप जुनी आहे माझी,” आत्या म्हणाली. “ताणली असेल.”

“ताणलेली टेप कमी दाखवते खरी काकू, पण चार इंच नाही. थांबा, पोलादी लावते.” तिने पर्समधली काढली. तिसऱ्यांदा मोजलं. तीन फूट दोन. “या भिंती सहा इंची का आहेत?”

मिस्त्री म्हणाला, “मी विचारलं होतं.”

“कुणाला?”

मिस्त्रीने आत्याकडे पाहिलं नाही. हे त्याचं मला फार आवडलं. तो छताकडे बघत म्हणाला, “विचारलं होतं एवढं खरं.”

“मी सांगितलं,” आत्या म्हणाली. “माया सोडा म्हटलं.”

इंजिनिअरला कळायला क्षणभर लागला. दहा वर्षं त्या दुकानात उभी राहून तिने हा शब्द ऐकला होता. तिच्या स्वतःच्या गणवेशातून दरवर्षी बोटभर माया निघायची. ती विटांच्या ढिगावर बसली आणि हसूही आलं नाही, रडूही आलं नाही, असं तोंड करून म्हणाली, “काकू, ते कापड असतं. कापड वाढलं तर आतल्या माणसाला मोकळं होतं. ही भिंत आहे.”

आत्या जिन्यात उभी होती. तिने डावीकडच्या भिंतीवर पंजा ठेवला, मग उजवीकडच्या. मग स्वतःकडे पाहिलं.

“आतला माणूस इथे आहे,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे मी त्याच्या अंगावरच शिवलं सगळं.”

मिस्त्रीने लवंग थुंकली.

बाबांना सांगावंच लागलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यापाशी आले, इंजिनिअर आणि मिस्त्रीही तिथेच होते, आणि मला वाटलं, आता ‘मी म्हटलं होतं’ येणार. ते आलं नाही. जे आलं ते त्याहून अवघड होतं.

“काळजी करू नकोस,” बाबा म्हणाले. “पालिकेत माझी ओळख आहे. शब्द टाकतो. चार इंच, ताई! चार इंच म्हणजे काय, दोन काडेपेट्या. कोण बघतंय?”

“साहेब टेप घेऊन येतात.”

“येतील. टेप घेऊन येतील आणि चहा घेऊन जातील.”

“आणि जिना?”

“जिना आहे तसा. चढता येतं ना? मी आत्ता चढून आलो की! भिंत पाडायची, जिना फोडायचा, तर फरशीचे पैसे त्यात जातील, तीन महिने जातील, ठरवलेले भाडेकरू जातील. त्यापेक्षा मी आहे ना.”

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. पैसे खरंच संपत आले होते. वरच्या उजव्या घराला एक बसचालक आणि त्याची बायको ठरली होती, ती दर रविवारी येऊन खिडक्या मोजून जायची, पडद्यांसाठी. दुकान सोडायला दोन महिने राहिले होते. आणि भाऊ मदत करतो म्हणत होता. प्रेमानेच म्हणत होता.

“हा साडेतीन फुटांचा नियम कशाला केलाय गं?” आत्याने इंजिनिअरला विचारलं. “काही अर्थ आहे त्याला की उगीच?”

“दोन माणसं शेजारी-शेजारी उतरता यावीत म्हणून. वर कुणी आजारी पडलं, घेरी आली, तर दुसऱ्याने काखेत हात घालून खाली आणायचं. एकामागे एक असं आणता येत नाही.”

आत्याने गळ्यातली टेप काढली.

“इकडे ये,” ती बाबांना म्हणाली.

“मी कशाला?”

“ये म्हणते ना. हात खाली सोड. श्वास धरू नको, तुझं पोट मला माहीत आहे.” तिने बाबांच्या या दंडापासून त्या दंडापर्यंत टेप धरली. “वीस. आता तू ये गं.” माझं माप सतरा आलं. “सदतीस. आणि हा कठडा बसेल भिंतीला, त्याचे दोन. एकोणचाळीस. जिना अडतीस.” तिने टेप गळ्यात टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “चल, आजारी पड.”

“काय?”

“वर जा आणि आजारी पड. हा तुला उतरवेल.”

“ताई, काय पोरखेळ आहे हा!” बाबा म्हणाले. पण ते वर आले. मिस्त्रीने कठड्याच्या जागी एक बांबू हाताने धरून ठेवला. मी बाबांच्या गळ्यात हात टाकला आणि सगळं अंग सोडून दिलं.

“नीट पड,” आत्या खालून ओरडली. “आजारी माणूस पाय टाकत नाही!”

मी पायही सोडले. बाबा ‘अगं अगं’ करत पहिली पायरी उतरले, दुसरी उतरले. तिसरीला त्यांचं कोपर भिंतीला घासलं, कच्च्या सिमेंटला. चौथीला शर्ट टर्रकन फाटला. ते जरा तिरके झाले. मी बांबूवर दाबली गेले. पाचव्या पायरीवर आम्ही दोघंही अडकलो. त्यांना पुढे पाय टाकायला जागा नव्हती आणि मागे यायला मी होते. मग त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. मला सोडून ते एक पायरी पुढे झाले.

मी पाचव्या पायरीवरच धप्पकन बसले. नाटक नव्हतं, खरंच लागलं.

बाबा वळले. त्यांचा रिकामा हात अजून तसाच हवेत होता.

“लागलं का?” ते म्हणाले.

खाली आत्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. “सोडावं लागलं ना?” ती बाबांना म्हणाली. “तू माझ्यासाठी साहेबांना शब्द टाकशील रे. पण मग तो जिना तसाच राहील. मी वर माणसं ठेवायची, त्यांच्याकडून भाडं घ्यायचं, आणि रोज खालच्या घरात बसून ऐकायचं, कुणी पडलं का.” तिने मिस्त्रीला हाक मारली. “मिस्त्री, उसवा.”

या वेळी मिस्त्री ‘होऊन जाईल’ म्हणाला नाही. म्हणाला, “जिना उसवत नाही बाई.”

“मग जे होतं ते करा.”

जे होतं ते इंजिनिअरने सांगितलं. जिना अख्खा फोडायची गरज नाही. एका बाजूची भिंत पाडायची, तिथे चार इंची ठोकळ्याची भिंत दोन इंच मागे सरकवून उभी करायची. म्हणजे चार इंच मोकळे होतील. तेवढी पट्टी जिन्याला जोडायची; प्रत्येक पायरीत भोकं पाडून, आत सळ्या रोवून, वर काँक्रीट.

“फक्त एक आहे,” ती म्हणाली. “ज्या बाजूची भिंत सरकेल, त्या बाजूचं घर दोन इंचांनी लहान होईल. खालचं उजवीकडचं अजून कुणाला ठरलेलं नाही. तिथलं करू. भाडेकरूला कळणारही नाही.”

“डावीकडचं कर,” आत्या म्हणाली.

“काकू, ते तुमचं आहे.”

“माहितीय मला माझं कुठलं आहे ते.”

महिनाभर तिथे नुसती धूळ होती. मिस्त्रीने स्वतःच्या हाताने उचललेली भिंत स्वतःच्या हाताने पाडली. पहिला घाव घालायच्या आधी बराच वेळ हातोडा धरून उभा राहिला.

“हात जड होतो बाई.”

“मला सांगता? गिऱ्हाईक समोर उभं राहून म्हणतं, खांदे उतरले आहेत, आणि ते खरं असतं. तेव्हा काय होतं विचारा.”

“काय करता मग?”

“चहा पिते. मग उसवते.”

दोघांनी चहा घेतला. मग मिस्त्रीने घाव घातला.

सळ्या रोवायच्या दिवशी आत्या खाली बसून मोजत होती. सोळा पायऱ्या, प्रत्येकीत चार. मिस्त्रीने एका पायरीत तीनच रोवल्या, तर तिने तिथून हटू दिलं नाही. तो म्हणाला, “तीनवर हत्ती चालेल.” ती म्हणाली, “हत्ती भाड्याने येत नाही, माणसं येतात. चौथी घाला.”

बसचालकाची बायको एका रविवारी आली ती मापं घ्यायला नव्हे. तिच्या घरमालकाने मुदत दिली होती. थांबता येत नव्हतं. त्यांनी दुसरीकडे घर घेतलं. पडदे शिवून झाले होते, ते इथल्या खिडक्यांच्या मापाचे होते. आत्याने ते मागवून घेतले आणि नव्या खिडक्यांच्या मापाने कमी करून दिले. पैसे विचारले तेव्हा म्हणाली, “माझ्याच इमारतीने तुम्हाला उशीर केला. राहू द्या.”

फरशीच्या पैशांतले गेले ते गेलेच. उरलेल्यात तिन्ही भाड्याच्या घरांत तेवढी फरशी बसली. चौथ्यात, म्हणजे तिच्यात, सिमेंटचा कोबा तसाच राहिला.

साहेब आले ते एका मंगळवारी, अकरा वाजता. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, हातात पोलादी टेप. बाबाही आले होते. एका बाजूला उभे होते, ओळखीचं एक अक्षर न काढता. साहेबांनी जिना तळाशी मोजला, मध्ये मोजला, वर मोजला. मग खाली वाकून पायऱ्यांवरून अंगठा फिरवला. नवी पट्टी जिथे जुन्याला मिळते तिथे एक बारीक रेघ दिसत होती.

“इथे जोड आहे.”

इंजिनिअर पुढे झाली, पण आत्या आधी बोलली. “आहे. आधी चुकला होता. चार इंच कमी भरला.”

“कुणाची चूक?”

“माझी.”

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “वरून फरशी लावून घ्यायची होती. दिसलं नसतं.”

“पैसे उरले नाहीत साहेब.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी इंजिनिअरकडून सळ्यांचा तपशील घेतला, फोटो पाहिले. एकेका पायरीचे. चौथी सळी दिसते का, हेही पाहिलं. मग स्वतः जिन्याच्या त्या कडेने, नव्या पट्टीवर पाय देत, वरपर्यंत गेले आणि मधूनमधून टाच आपटत खाली आले. कागदावर काहीतरी लिहिलं. आत्याला ते उलटं वाचता येईना.

“साहेब, पास की नापास?” तिने शेवटी विचारलंच.

“पत्र येईल,” साहेब म्हणाले आणि गेले. चहा न घेता.

अकरा दिवस पत्र आलं नाही. दुकान सोडायला नऊ दिवस उरले होते. आईने कपाटाचे ते दोन कप्पे पुन्हा पुसून घेतले. आत्याने मशीनला तेल दिलं, खडूची पेटी लावली, आणि बोचकी बांधून ठेवली. कुठे न्यायची ते सांगितलं नाही. बाराव्या दिवशी पत्र आलं. दोन्ही मजल्यांना राहण्याचा दाखला. खाली साहेबांच्या हातचं एक वाक्य: जिन्याच्या जोडाची वर्षातून एकदा पाहणी करावी.

“म्हणजे दरवर्षी यायचं म्हणतात,” मिस्त्री म्हणाला.

“येऊ देत,” आत्या म्हणाली. “त्यांच्या पँटच्या पायाची मोहरी उसवलीये. तेवढीच शिवून देईन.”

आत्या राहायला गेली त्या रविवारी तिने बाबांना आणि मला जेवायला बोलावलं. वरच्या डाव्या घरात एक परिचारिका आणि तिची आई आदल्याच दिवशी आल्या होत्या. डोक्यावर त्यांच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. उजवीकडची दोन्ही घरं अजून रिकामी होती, पण विचारायला दोघं येऊन गेले होते. आम्ही कोब्यावर चटई टाकून बसलो. घरात एक खाट, एक मशीन, एक बल्ब. बाबा भिंती बघत होते.

“फरशी मी घालून देतो,” ते म्हणाले.

“पुढच्या वर्षी घालीन मी. भाडी येऊ देत.”

“तोवर पाय गार पडतील तुझे.”

“मोजे आहेत.”

बाबांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला.

“मीठ कमी आहे.”

“तुझ्या घरी जास्त असतं,” आत्या म्हणाली. “इथे एवढंच.”

मी खाली मान घालून जेवत राहिले. बाबांनी आणखी दोन घास खाल्ले, भाजी संपवली, ताटाची कड बोटाने पुसली. मग त्यांनी ताट तिच्यापुढे केलं.

“वाढ,” ते म्हणाले.